डाव्या हाताच्या मापाचा हॉर्न

४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

खूप दिवसांनी लिहितेय, आणि तेही कामासाठी. तू म्हणशील, भाचीला आत्या आठवते ती वाद्य बिघडलं की. बोलणं खायला मी तयार आहे. पण यावेळी वाद्य बिघडलेलं नाही, माझं बिघडलंय.

आमच्या वाद्यवृंदात फ्रेंच हॉर्न वाजवणारे चौघं. सात वर्षं मी तिसऱ्या खुर्चीवर आहे. पहिल्या खुर्चीवरचे थोरले डिसेंबरात निवृत्त होतायत आणि त्या जागेसाठी बावीस नोव्हेंबरला निवड आहे. पडद्यामागून वाजवायचं, म्हणजे कोण वाजवतंय ते परीक्षकांना कळत नाही. पहिला हॉर्न म्हणजे काय ते तुला सांगायला नको. सगळा वृंद गप्प होतो आणि एकच सूर उरतो, तो त्याचा असतो.

अडचण अशी की माझा डावा हात दुखतो. उजवा हात भोंग्यात असतो, त्यामुळे खटके सगळे डाव्याकडे, आणि वजनही बरंचसं त्याच्यावरच. वीस मिनिटं वाजवलं की अंगठ्याला मुंग्या येतात. मग तो बधिर होतो आणि अंगठ्याचा खटका उशिरा दबतो. सूर फाटतो. माझा हात मुळात लहान, म्हणून असेल. खटके जरा खालीवर करता येतात का गं? चाळीस वर्षं तू पितळी वाद्यं दुरुस्त केलीस. तुला नाही तर कुणाला विचारू?

बाबा मजेत आहेत. त्यांचं म्हणणं, वाजवणं पुरे झालं, आता शिकवण्या घे.

तुझी,
पिटुकली


११ सप्टेंबर

पिटुकले,

पत्र टाइप केलेलं बघून दचकू नकोस. हल्ली पेनं धड मिळत नाहीत, आणि शेजारणीचा टाइपरायटर माळ्यावर पडून होता.

हात लहान असल्याची सबब मला पटलेली नाही. तुझा हात चौदाव्या वर्षापासून एवढाच आहे आणि आजवर तो कधी दुखला नाही. पण असो. घोडा उंच म्हणून कुणी स्वाराचे पाय ओढून लांब करत नाही, रिकिबी वर घेतात. कारखान्यात खटके कुणा सरासरी हाताच्या मापानं बसवतात. तो सरासरी हात चाळीस वर्षांत माझ्या दुकानाची पायरी एकदाही चढला नाही.

खटक्यांचं तू घरीच करू शकतेस. प्रत्येक खटका बारीक दोरीनं आपापल्या व्हॉल्व्हला बांधलेला असतो आणि ती दोरी एका छोट्या स्क्रूखाली दाबलेली असते. तो स्क्रू अर्धा फेरा सैल कर, खटका हव्या त्या उंचीवर बोटानं धरून ठेव, स्क्रू पुन्हा आवळ. एका वेळी एकच. तिन्ही एकदम सोडलेस तर रडत बसशील आणि मी डोळे पुसायला येणार नाही.

उंची कशी ठरवायची? डोळे मीट. पेला धरल्यासारखा हात सैल ठेव. बोटं आपसूक जिथे येतील तिथे खटके हवेत. बोटांनी खटक्यांच्या मागे धावायचं नाही.

शिकवण्यांचं दादाला म्हणावं, आधी स्वतःची पेन्शन नीट घ्यायला शीक.

आत्या


१९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

केलं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, हॉर्न पालथा घातला आणि बाबांचा चष्मे दुरुस्त करायचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. पहिला खटका ठीक बसला. दुसऱ्याला दोरी निसटली आणि खटका असा उडाला की बाबा म्हणाले, "लागलं का कुठे?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "तुला नाही, त्याला विचारतोय." तास दीड तास लागला, पण तिन्ही खटके आता चांगले बोटभर खाली आहेत आणि बोटं खरंच पेला धरल्यासारखी पडतात.

दोन दिवस वाटलं, सुटले. तिसऱ्या दिवशी सरावात संचालकांनी लांबलचक तुकडा तीनदा घ्यायला लावला. तिसऱ्या वेळी अंगठा पुन्हा बधिर. हॉर्न हातात फिरतो गं, घसरल्यासारखा, आणि मी तो अंगठ्यानं आवळून धरते. शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या हॉर्नवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. तोही निवडीला बसणार आहे. तसा भला माणूस आहे, म्हणूनच ते जास्त लागलं.

आणखी काही करता येईल?

पिटुकली


२५ सप्टेंबर

पिटुकले,

करता येईल, पण मला हात बघायला हवा, आणि फोटोत हात खोटं बोलतो. असं कर. घट्ट कणीक मळ, मीठ जास्त घाल. ती लाटण्याभोवती जाडसर थाप आणि हॉर्न धरतेस तशीच डाव्या हातानं ते लाटणं धर. डोक्यात अवघड तुकडा चालू ठेव, म्हणजे पकड खरी येईल. मग हात अलगद सोडव आणि ते तसंच खडखडीत वाळू दे. डब्यात कापूस घालून पाठव.

लाटण्याशिवाय आठ दिवस काढ.

आत्या


६ ऑक्टोबर

पिटुकले,

डबा पोचला. काल सकाळपासून ती कणीक खिडकीत ठेवून मी तिच्याकडे बघतेय.

अंगठ्याचा खड्डा इतका खोल आहे की खालचं लाकूड दिसतं. पहिल्या तीन बोटांचे खड्डे आहेत. करंगळीचा नाही. हॉर्नवर करंगळी आकड्यात अडकवतात आणि वाद्याचं अर्धं वजन त्या आकड्यावर असतं. तुझी करंगळी कणकेला शिवलीसुद्धा नाही.

काय झालंय तिला?

आत्या


१२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझ्यापासून लपवायचं असं ठरवलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, एवढंच. बाबांना माहीत आहे, कारण दवाखान्यात तेच घेऊन गेले.

जूनमध्ये आम्ही बाहेरगावचा कार्यक्रम करून आलो. मोठ्या ढोलाची पेटी गाडीतून उतरवायला चौघं हवे होते आणि होते तिघं, शेजारचा हॉर्नवाला त्यातलाच. मी हात लावला. पेटीचं झाकण पडलं. करंगळी मधल्या सांध्यात मोडली. त्या तिघांना म्हटलं, नुसतं चेपलंय; पुढे सहा आठवडे पट्टी होती, पण सुटीचेच दिवस होते, म्हणून वृंदात कुणाला कळलं नाही. हाड जुळलं, पण सांधा वाकत नाही. डॉक्टर म्हणाल्या, "रोजच्या कामांना अडचण येणार नाही." मी विचारलं, हॉर्न वाजवणं हे रोजचं काम आहे का? त्या म्हणाल्या, "किती लोकांचं?"

तेव्हापासून करंगळी आकड्याच्या बाहेर ताठ उभी असते, चहाचा कप धरणाऱ्या शिष्ट बाईसारखी. मी बाही लांब ओढून घेते, म्हणजे दिसू नये. तुला लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं. हात लहान आहे म्हणणं सोपं होतं.

आता सांग. बाबा म्हणतात तसं सोडून देऊ?

पिटुकली


१७ ऑक्टोबर

पिटुकले,

वाकत नसलेल्या बोटाला काम देऊ नये, इतकं साधं आहे हे. आकडा हलवून उपयोग नाही. आकडाच काढायचा.

त्याच्या जागी, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात बसेल असं छोटं पितळी खोगीर नळीला कथलानं झाळून बसवायचं. वाद्य त्यावर टेकेल. हाताच्या पाठीवरून चामड्याचा पट्टा, बकल असलेला, म्हणजे वाद्य हातात लटकेल आणि अंगठ्याला आवळावं लागणार नाही. खालच्या कागदावर मापं घालून आकृती पाठवतेय. तुझ्या गावात वाद्यदुरुस्ती करणारा असेलच. त्याच्याकडे जा. तीन तासांचं काम आहे.

आत्या


२७ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

गेले होते. गावातला दुरुस्तीवाला आमच्या वृंदाचीच वाद्यं बघतो. दुकान स्वच्छ, हत्यारं भिंतीवर उंचीप्रमाणे लावलेली. त्यानं तुझी आकृती सरळ धरून पाहिली, उलटी धरून पाहिली आणि म्हणाला, "कारखान्यानं आकडा जिथे लावलाय तिथेच तो बरोबर आहे. त्यांनी विचार करूनच लावलाय."

मी बाही वर केली आणि करंगळी दाखवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी ती कुणा परक्याला दाखवली. तो म्हणाला, "बाई, मग वाद्य बदला. त्रिकोण वाजवा, काडीनं नुसतं टिंग करायचं." त्याला वाटलं तो विनोद करतोय.

मी हसले सुद्धा. बाहेर येऊन पायरीवर बसले, हॉर्नची पेटी मांडीवर घेऊन.

आत्या, एक विचारू? तू मला दुसऱ्याकडे का पाठवलंस? लहानपणी माझ्या ट्रंपेटला पोचा आला तर तू कुणाला हात लावू द्यायची नाहीस. आता पत्रंही टाइप करून, चार ओळींची. तुला वाटत असेल की यात काही राम नाही, तर तसं लिही. मी समजू शकेन. निवडीला सव्वीस दिवस उरलेत, नाव मागे घ्यायला दहा.

पिटुकली


१ नोव्हेंबर

पिटुकले,

हे पत्र हातानं लिहितेय. अक्षर बघ, म्हणजे टाइपरायटर का ते कळेल. पेनांचा काही दोष नाही.

हात कापतात. उजवा जास्त. दोन वर्षांपूर्वी एका ट्रंपेटवर झाळकाम करत होते, ज्योत हलली आणि नळी आरपार जळाली. त्या माणसानं तक्रार केली नाही, उलट मलाच पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद केलं. सगळ्यांना सांगितलं, कंटाळा आला. दादालाही तेच सांगितलं. मी कधी कशाला कंटाळले नाही हे त्याला साठ वर्षांत कळलं नाही, तर तुला कुठून कळणार?

तुझ्या कामात राम नाही असं मला एक क्षणही वाटलं नाही. माझ्या हातात राम आहे का, हा प्रश्न होता.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुकानाचं कुलूप काढलं. त्रिकोण वाजवा म्हणाला ना तो? चार दिवस मी विस्तव न पेटवता नुसता सराव करतेय. हात हवेत असला की कापतो, टेकवला की कमी कापतो. ज्योतीची बत्ती पकडीत घट्ट आवळून जागेवर ठेवायची आणि वाद्य चहाच्या ढकलगाडीवर बांधून ज्योतीकडे न्यायचं, असं काहीतरी जमतंय. नळीऐवजी झाडूचा दांडा बांधून साठ वेळा केलंय. सत्तावन्न वेळा बरोबर आलं.

म्हणजे तीन वेळा चुकलं, हेही लिहून ठेवते. नळी जळाली तर तुझ्याकडे हॉर्न नाही आणि निवडही नाही. वाद्य इथे निदान आठवडाभर राहील, तेवढे दिवस तुझा सरावही बुडेल. मी आग्रह करणार नाही. विचार करून ठरव.

आत्या


५ नोव्हेंबर
(हॉर्नच्या पेटीत)

आत्या,

विचार करायला काही नव्हतं. बाबा स्वतः घेऊन येतायत. बसमध्ये मांडीवर ठेवतील, वर टाकणार नाहीत. तसं कबूल करून घेतलंय.

वृंदातून निवडीपर्यंत रजा काढलीय. मी इथे नुसत्या माउथपीसवर सराव करणार, काल करून पाहिला. वरच्या मजल्यावरचे विचारून गेले की बदक पाळलंय का.

पिटुकली


१४ नोव्हेंबर

पिटुकले,

दादा हे पत्र आणि हॉर्न घेऊन निघतोय. आधी पत्र वाच, मग पेटी उघड.

दादा इथे आला तो तोंड पाडून. म्हणाला, "पोरीला उगाच आशा लावू नकोस." मी म्हटलं, तू पेपर वाच. दोन दिवस त्यानं खरंच पेपर वाचला, एकच पान. तिसऱ्या दिवशी सकाळी मी व्हॉल्व्ह काढून ठेवले, आजूबाजूच्या जोडांवर ओली फडकी गुंडाळली, खोगीर तारेनं नळीला घट्ट बांधलं आणि हॉर्न ढकलगाडीवर चढवला. दादा उठून शेजारी आला.

"हात हलला तर?"

"हलणारच आहे. म्हणून हाताला काही करायचंच नाही. गाडी मी कमरेनं ढकलणार."

"आणि मी काय करू?"

"दिवा धर. आणि बोलू नकोस."

त्यानं दिवा धरला. पोरी, दोन्ही हातांनी धरला. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं आणि चहाची गाडी. आकडा आधी सुटला, एका झटक्यात. मग खोगिराची पाळी. पितळ तापलं, आणि जोडाभोवती आधीच गुंडाळून ठेवलेलं कथील वितळून आत शिरलं. सगळीकडून सारखं, चांदीची बारीक रेघ ओढल्यासारखं. गाडी मागे घेतली. ज्योत बंद केली. दादा म्हणाला, "झालं?" मी म्हटलं, झालं. तो खाली बसला आणि म्हणाला, "तू दुकान कंटाळा आला म्हणून बंद केलं नव्हतंस." साठ वर्षं लागली, पण कळलं.

आता नीट ऐक. खोगीर बेचक्यात पूर्ण बसव. पट्ट्याचं बकल तिसऱ्या भोकात लाव, दुसऱ्यात लावलंस तर आवळशील. नळीवर तपकिरी झाक राहिली आहे, पुसायला जाऊ नकोस, जाणार नाही. पहिले दोन दिवस वाद्य पडेल असं वाटेल, कारण हाताला धरायची सवय आहे. पडणार नाही. अंगठा सैल सोड. आणि करंगळी कुठे ठेवायची असं विचारशील. तिला वाटेल तिथे. तिची आता काही जबाबदारी नाही.

आत्या


२३ नोव्हेंबर

आत्या,

काल निवड झाली. सगळं क्रमानं सांगते, नाहीतर तू रागावशील.

पहिले दोन दिवस तू म्हणालीस तसंच झालं. वाद्य पडेल म्हणून मी धरत होते. तिसऱ्या दिवशी बाबा समोर येऊन बसले आणि म्हणाले, "आत्यानं सोड सांगितलंय तर सोड ना." मी दोन्ही हात जवळजवळ मोकळे सोडले. हॉर्न डाव्या हातात लटकून राहिला, हलला नाही. त्या दिवशी पन्नास मिनिटं वाजवलं. अंगठ्याला मुंग्या नाहीत. मी थांबले तेव्हा ओठ थकले होते, हात नाही. बाबा उठले. आत जाऊन त्यांनी शिकवण्यांची जाहिरात लिहिलेला कागद फाडला. मला माहीतही नव्हतं की त्यांनी तो लिहून ठेवलाय.

काल आम्ही सहा जण होतो. माझा क्रमांक चौथा. पायांचा आवाज ओळखू येऊ नये म्हणून सतरंजी घातलेली, पुढे काळा पडदा. बोलायचं नाही, खोकायचंही नाही. मी बाही कोपरापर्यंत दुमडली. तिथे लपवायचं कुणापासून?

पाच तुकडे होते. चार झाल्यावर पडद्यामागून आवाज आला, "क्रमांक चार, दुसरा तुकडा पुन्हा." तो सगळ्यात लांब, संथ, एकट्या हॉर्नचा. दोन महिन्यांपूर्वी इथेच माझा अंगठा गेला असता. तो पुन्हा वाजवला. मग पाचवा. पाचव्याच्या शेवटी एक वरचा सूर हळू हळू बारीक करत न्यायचा असतो, आणि बहुतेक जण तो लवकर सोडतात, कारण फाटायची भीती असते. मी सोडला नाही. अंगठा खटक्यावर नुसता ठेवलेला होता. सूर बारीक होत होत इतका बारीक झाला की तो संपला की अजून आहे हे मलाच कळेना. पडद्यामागे कुणाची तरी खुर्ची करकरली.

सहा जणांना बाहेर बसवलं. दुसरा हॉर्नवाला माझ्या शेजारी होता. त्यानं माझा पट्टा पाहिला, करंगळी पाहिली. हळूच म्हणाला, "जूनपासून? त्या पेटीनं?" मी मान डोलावली. तो म्हणाला, "मला वाटलं होतं तुझा दम गेला. माफ कर."

दार उघडलं. संचालक स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "क्रमांक चार." मी उभी राहिले. मला बघून ते थोडे चमकले. "तुम्ही? शेवटचा सूर इतका लांब न्यायची गरज नव्हती."

मी म्हटलं, "नेता येत होता, म्हणून नेला."

मग मी हात पुढे करून सगळं सांगितलं. करंगळी वाकत नाही, वाकणार नाही, हॉर्न माझ्या मापाचा करून घेतलाय. थोरले परीक्षकांमध्ये होते. त्यांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला आणि संचालकांना म्हणाले, "खुर्ची रिकामी करायला मी डिसेंबरपर्यंत थांबत नाही." आज सकाळच्या सरावाला ते खरंच माझ्या तिसऱ्या खुर्चीवर बसले होते.

आत्या, मी पहिला हॉर्न आहे.

आज दुपारी दुरुस्तीवाला वृंदाची वाद्यं तपासायला आला होता. माझा हॉर्न हातात घेऊन खिडकीशी गेला. खोगिराच्या जोडावरून नख फिरवलं, दोनदा.

"हे झाळकाम कुणाचं?"

"माझ्या आत्याचं."

"वय काय त्यांचं?"

"एकाहत्तर."

त्यानं हॉर्न जपून पेटीत ठेवला. मग म्हणाला, "मला पत्ता द्याल? एका बासरीवालीचा अंगठा वाकडा आहे. मी तिला परत पाठवलं होतं." मी म्हटलं, आत्याला विचारून सांगते. मुद्दामच. वाट बघू दे त्याला दोन दिवस.

पहिल्या खुर्चीवरून पहिला कार्यक्रम चौदा डिसेंबरला आहे. येशील?

पिटुकली


२९ नोव्हेंबर

पिटुकले,

तुझं पत्र मी दुकानात उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग शेजारणीला बोलावून मोठ्यानं वाचलं. तिला हॉर्न म्हणजे गाडीचा वाटत होता, तरी रडली.

दुरुस्तीवाल्याला पत्ता दे. म्हणावं, बासरी पाठवायची नाही, बासरीवालीला घेऊन स्वतः यायचं. त्याची झाळायची पद्धत वाईट नसणार, हत्यारं उंचीप्रमाणे लावणारा माणूस आहे. ढकलगाडी कशी वापरायची ते दाखवेन त्याला. माझ्यानंतर कुणाला तरी यायला हवं ते. सोमवारपासून दुकान उघडं आहे, सकाळी नऊ ते एक. दुपारी हात ऐकत नाहीत, तेव्हा दुपारी बंद. पाटीवर तसंच रंगवलंय, कारणासकट. अक्षर वाकडं आलंय, पण वाचता येतं.

चौदा तारखेला येतेय. दादाला म्हणावं, स्टँडवर वेळेत ये. जागा कुठलीही काढ, मागची चालेल, खांबाआडची नको. सूर तर मी बाहेरूनही ओळखेन. मला तुझा डावा हात दिसला पाहिजे.

आत्या